मोतीबाईच्या हातचं सहावं खळं

माईक हातात असला की मी कोणाची बायको नसते. हे मी मधुसूदनला स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, पण त्याला ते पटलं तिसऱ्या वर्षी. तेव्हा पळसाच्या मुळाशी अडकलेला आपला चेंडू त्यानं बुटाच्या टोकानं हळूच मोकळ्यावर आणला. बाकी सगळ्यांच्या पाठी होत्या, पण मी माईक घेऊन मचाणावर होते. "मधुसूदनरावांचा पाय आज भल्ता हुशार झाला बाप्पा! काठीच्या आधी तोच खेळून राह्यला!" असं मी भोंग्यावरून सांगितलं. टेकडीवर गुरं चारणारेसुद्धा हसले. त्याचा एक टोला वाढला, तो हरला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना, तेव्हा बोलला.

आम्ही गोल्फ खेळतो, बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्याबाहेर, सेवादासच्या मुरमाड पडीवर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सेवादासनं नागपुरातल्या एका क्लबात बावीस वर्षं माळीकाम केलं. तिथलं गवत त्यानं कापलं, खड्डे त्यानं राखले, पण काठी कधी हातात धरली नाही, कारण माळ्यानं ती धरायची नसते असं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गावी परतताना त्यानं मेंबरांनी टाकून दिलेल्या सहा काठ्या आणि गोणीभर चेंडू आणले. जिथं तीळसुद्धा धड होत नाही त्या जमिनीत सहा खड्डे खणले, बांबू रोवले आणि त्यांना बायकोच्या जुन्या ओढणीचे आरसे लावलेले तुकडे बांधले. ऊन पडलं की ते झेंडे पार रस्त्यावरून चमकताना दिसतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माझा नवरा एकदा ते चमकतं काय म्हणून पाहायला गेला आणि काठी हातात घेऊन बसला. मग यवतमाळहून त्याचा मित्र पियूष आला, मग त्याचे दोघे-तिघे दोस्त. अशी आमची स्पर्धा सुरू झाली. यंदा पाचवं वर्ष.

आता खरी गोष्ट. गोल्फमध्ये खड्ड्याभोवती मऊ हिरवळ लागते म्हणे. आमच्याकडे फेब्रुवारीत हिरवं काय असतं? सेवादास विचार करत बसला होता, तेव्हा त्याची बायको मोतीबाई म्हणाली, "खळं नाई का सारवत आपन?" आणि तिनं शेण-माती कालवून सहाही खड्ड्यांभोवतीची जमीन हातानं सारवली, मळणीच्या आधी खळं सारवतात तशी. त्यावरून चेंडू असा सरळ घरंगळतो की पियूषनं पहिल्या दिवशी वाकून हात फिरवून पाहिला. तेव्हापासून आमच्या गोल्फमध्ये त्या जागेला खळंच म्हणतात. दरवर्षी स्पर्धेच्या सकाळी मोतीबाई सहाही खळी सारवते. मी शाळेत तीस वर्षं मुलींना रांगोळी शिकवली, पण असा एकसारखा हात पाहिला नाही.

बक्षीस म्हणून पहिल्या वर्षी काही नव्हतंच. ऐन वेळी सेवादास घरात गेला आणि पितळी गडवा घेऊन आला. मोतीबाईच्या लग्नातला. जिंकणाऱ्यानं त्यावर आपलं नाव कोरून घ्यायचं आणि वर्षभर घरी ठेवायचा असं ठरलं. मोतीबाईला कोणी विचारलं नाही. मीही नाही. उलट कोरणाऱ्यासाठी नावं कागदावर सुवाच्य लिहून दिली ती मीच. चार वर्षांत चार नावं चढली आणि गडवा चार घरांच्या काचेच्या कपाटांत फिरला. गेल्या वर्षी तो पियूषच्या कपाटात होता.

यंदा सकाळी मी माईक तपासायला लवकर गेले, तर मोतीबाई सहावं खळं सारवत होती. चौघींचं काम एकटीनं करून दमली होती. डावा हात जमिनीला टेकून उठली आणि मला म्हणाली, "बाई, यंदा माहं नाव लिव्हा."

"खेळायला?"

"हौ. सांजच्याला मी रोज खेळतो. गडवा घरी आनाचा हाय मले. माह्या याडीनं देल्ला होता."

याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. मी म्हटलं, "अहो, मागून घ्या की! पियूष नाही म्हणेल का?"

"देल्लेली वस्तू मांगत नसते, बाई. जिकून आनतो." आणि हात धुवायला निघून गेली.

पियूष बँकेत अधिकारी आहे. त्यानं स्पर्धेचे अकरा नियम टाइप करून प्लास्टिकमध्ये घालून आणलेत. मोतीबाईचं नाव ऐकून तो यादी चाळत म्हणाला, "सारवणारीनंच खेळायचं म्हणजे जरा… तिला खळ्याचा उतार माहीत राहणार."

"तुमाले कोनं अडवलं?" मोतीबाई म्हणाली. "पुढल्या साली पायटं, दिस उगवाच्या आंधी या. शेन मी देतो." सेवादास दुसरीकडे तोंड करून हसला. अकरा नियमांत यावर काही नव्हतं, त्यामुळे नाव लागलं.

भोंगा प्रेमसिंगचा आहे. तो शंकरपटात बोलतो, बैलजोड्या धावतात तिथं. त्यानं मला दोनच गोष्टी शिकवल्या. जोडी सुटली की दम घ्यायचा नाही, आणि जे दिसलं ते बोलायचं, मग जोडी आपल्या सोयऱ्याची का असेना. पियूषचं म्हणणं, गोल्फमध्ये टोल्याच्या वेळी शांतता लागते. मग तोडगा निघाला की खळ्यावर खेळ आला की मी कुजबुजायचं. भोंग्यातून कुजबुजलं तर ते शेजारच्या शिवारात ऐकू जातं, पण नियम पाळल्याचं समाधान पियूषला मिळतं.

नऊ वाजता सुरुवात झाली. "आले, आले, पियूषसाहेब आले! टोपी नागपूरची, बूट पुण्याचे, टोला मातर कुठचाच नाही! चेंडू गेला पऱ्हाटीच्या ढिगात. शोधा साहेब, शोधा, कापूस वेचून झाला, आता चेंडू वेचा!" तांड्यातली पन्नासएक माणसं बांधावर बसली होती, ती टाळ्या पिटत होती. पियूष तिसऱ्या खळ्यापर्यंतच इतका मागे पडला की त्यानं नियमांचा कागद पंख्यासारखा हलवायला घेतला. बाकीचे दोघे चौथ्याला गळाले.

मधुसूदन मात्र यंदा खेळत होता. काय खेळत होता! पाच वर्षांत त्याला पहिल्यांदा असं पाहिलं. "मधुसूदनरावांनी कालव्याचं पाणी कधी वेळेवर सोडलं नसंल, पन चेंडू बरोबर सोडला!" मी ओरडले, आणि खरं सांगते, छाती फुगली माझी. आणि त्याच्या मागे मोतीबाई. लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात एकच काठी, सगळ्या टोल्यांना तीच. वाकायची, एकदा पाहायची आणि मारायची. "धुऱ्याचा बांध ओलांडला, नाला ओलांडला, मोतीबाईचा चेंडू थेट खळ्यात! पियूषसाहेब, कागद खाली ठेवा आनि टाळ्या वाजवा!"

पाच खळी संपली तेव्हा मोतीबाई सत्तावीस टोल्यांवर, मधुसूदन अठ्ठावीसवर. ज्याचे टोले कमी तो जिंकणार. सहाव्या खळ्यावर दोघांचेही चेंडू तीन-तीन टोल्यांत आले. म्हणजे ती तीसवर, हा एकतीसवर. मधुसूदनचा चेंडू खड्ड्यापासून सात पावलांवर, मोतीबाईचा चारवर. लांबचा आधी खेळतो, म्हणून मधुसूदननं चष्मा पुसायला घेतला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. मी आवाज कुजबुजीवर आणला.

आणि तेव्हा मी ते पाहिलं. सकाळी सारवण ओलं असताना एखादी शेळी आडवी गेली असावी. मधुसूदनच्या चेंडूपासून खड्ड्यापर्यंतच्या वाटेत तिचा एक खूर उमटला होता. मोतीबाईनं तो पाहिला, आणि जे ती आयुष्यभर करत आली तेच तिनं केलं. खाली बसली, बोटाला थुंकी लावली, खूर चोळून सपाट केला, वरून तळवा फिरवला आणि उठली. आपण काही केलं हेही तिला कळलं नसावं. खळ्यावर खूर दिसला तर कोण ठेवतं?

नियम नववा: खेळ चालू असताना खळ्याला हात लावला तर एक टोला वाढ. मग तो स्वतःच्या वाटेत लावा की दुसऱ्याच्या.

कोणी पाहिलं नव्हतं. भोंगा गप्प झाला. प्रेमसिंगनं खालून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तिचं सकाळचं बोलणं आठवत होतं. आणि हेही कळत होतं की बोलले तर फायदा माझ्याच नवऱ्याचा, आणि उद्या तांड्यात म्हणतील, बाईनं घरचं पाहिलं. पण तिसऱ्या वर्षी नवऱ्याचा पाय सांगितला होता मी. मोतीबाईचा हात लपवला, तर ती माझ्या दृष्टीनं खेळाडू नाही, कीव करायची बाई ठरते. ते मला चालणार नव्हतं.

"मंडळी," मी कुजबुजले नाही, मोठ्यांदा बोलले, "मोतीबाईनं खळ्याला हात लावला. मधुसूदनरावांच्या वाटेत शेळीचा खूर होता, तो पुसला. समोरच्याची वाट साफ केली. नियमानं तिचा एक टोला वाढला. दोघं एकतीसवर."

बांधावर एकदम गलका झाला. "हे काय बोलनं झालं, बाई?" कोणीतरी ओरडलं. मधुसूदन पुढे आला. "राहू द्या हो, तिनं माझंच भलं केलं!"

मोतीबाईनं त्याला हातानं थांबवलं. "काहून राहू द्या? हात तं लावलाच ना मी. खेळा साहेब." आणि मचाणाकडे बघून मान हलवली, इतकंच.

मधुसूदननं टोला मारला. तिनं साफ केलेल्या वाटेवरून चेंडू सुरेख गेला, गेला, आणि वीतभर अलीकडे थांबला. बत्तीस. पुढचा टोला मारून त्यानं तो आत ढकलला. तेहतीस.

"मोतीबाई एकतीसवर," मी कुजबुजले. माझा आवाज कापत होता आणि तो सगळ्या शिवारात कापत होता. "एका टोल्यात गेला तर बत्तीस, गडवा तिचा. दोन लागले तर बरोबरी. आनि बरोबरी झाली तर गडवा गेल्या वर्षीच्याच घरी राहीन." पियूषनं जमिनीकडे पाहिलं.

मोतीबाई चेंडूमागे उभी राहिली. मग मला वाटलं तिचं डोकं फिरलं, कारण तिनं खड्ड्याकडे नेम धरलाच नाही. चांगली हातभर उजवीकडे तोंड करून उभी राहिली. सेवादास माझ्या मचाणाखालीच होता. तो पुटपुटला, "तिकडं कायले?"

आणि मला दिसलं. खड्ड्याच्या उजव्या अंगाला सारवणात एक उथळ खोलवा होता. सकाळी उठताना तिनं डावा हात टेकला होता, तिथं. पाचही बोटं उमटली होती. मी स्वतः तिथं उभी होते तेव्हा.

"मोतीबाई आपल्या हाताकडं खेळून राह्यली," मी कुजबुजले. दुसरं काही सुचलं नाही.

तिनं मारलं. चेंडू उजवीकडे निघाला, तळव्याच्या कडेला लागला, त्या खोलव्यातून वळला, जरा रेंगाळला आणि खड्ड्यात पडला. आत पडल्याचा आवाज मला वर ऐकू आला, इतकी शांतता होती. पहिली टाळी मधुसूदनची. मग जो आरडाओरडा झाला त्यात माझ्या भोंग्याची काही गरज राहिली नाही. मी वर उभी राहून नुसती रडत होते, आणि असा अभिमान मला माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या निकालाचाही कधी वाटला नव्हता.

पियूषनं गाडीतून गडवा आणला, तेव्हा मी खाली उतरले. मखमलीच्या पिशवीत होता, घासूनपुसून. दोन्ही हातांनी त्यानं तो मोतीबाईला दिला. "नाव कोरून आणतो मी. कुठं टाकायचं? वरती जागा कमी आहे."

"वरती राहा तुमी," मोतीबाई म्हणाली आणि तिनं गडवा उलटा केला. बुडावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं: जमनी. "माही याडी. तिच्या बाजूले टाका."

चार वर्षांत चार घरांत तो गडवा राहिला. चौघांपैकी कोणी तो उलटा करून पाहिला नव्हता. मीही नाही.

मोतीबाईनं त्याच गडव्यात माठातून पाणी भरलं. पहिल्यांदा मधुसूदनला दिलं, मग पियूषला. पियूषनं ओंजळ धरली. मग ती माझ्यापाशी आली.

"बाई, तुमचा घसा सुकला असंन."

"मोतीबाई, मी बोलले नसते तर—"

"तं मले गडवा आवडला नसता," ती म्हणाली. "प्या."

मी प्याले आणि परत मचाणावर चढले, कारण काम अजून राहिलं होतं. शंकरपटात जिंकलेल्या जोडीचं नाव घेतात ते मालकाच्या आणि गावाच्या नावासकट. प्रेमसिंगनं भोंग्याचा आवाज पार वर नेला.

"ऐका हो! यंदाचा गडवा! जमनीची लेक मोतीबाई, तांडा बोरी अरब, टोले बत्तीस! खळं तिच्याच हातचं!"