श्यामला मॅडम म्हणतात

आमच्या भव्यानं वीस वर्षांत एकदाही कढईत डाव घातलेला नाही. पोळी उलटायला सांगितली तर उलथनं कुठं असतं ते विचारते. आणि हीच मुलगी विद्यापीठात जाऊन मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून भल्या मोठ्या पातेल्यात लापशी ढवळते. गुठळी होऊ नये म्हणून मान मोडेपर्यंत उभी राहते. कुणासाठी, तर माशांसाठी. केळ्यांवर घोंघावतात ना, त्या चिमुकल्या माशांसाठी.

हे मला तिनंच सांगितलं. सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"श्यामला मॅडम म्हणतात, लापशी जमली की निम्मा प्रयोग जमला."

तिला लॅब मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा खूश झाले होते, हे खोटं नाही. बी.एस्सी.ची मुलगी, तिनं कितीतरी प्राध्यापकांना मेल पाठवले, कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. एकट्या श्यामला मॅडमनी बोलावलं. "सेमिस्टर संपेपर्यंत ये, नळ्या धू, लापशी कर, माशा ओळखायला शीक. मग तुला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ठेवायचं की नाही ते बघू," म्हणाल्या. मी राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत घरोघरी सांगून आले. आमच्या घराण्यात संशोधन करणारी ही पहिलीच.

मग सुरू झालं. श्यामला मॅडम म्हणतात, चहात साखर नको. श्यामला मॅडम कॉटनच्या साडीवर स्पोर्ट्स शूज घालतात, म्हणून हिनं पैंजण काढून ठेवले. घसा बसला तेव्हा मी काढा केला, तर कप तसाच ठेवून गेली. संध्याकाळी येऊन म्हणते, "आई, श्यामला मॅडम म्हणाल्या, मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कर." तिला दात आले तेव्हापासून मी हेच सांगतेय! पण माझ्या तोंडून आलं की ते जुनाट, आणि त्यांच्या तोंडून आलं की शास्त्र.

"अगं, तुला राग नेमका कुणाचा येतो?" आमच्या यांनी एकदा विचारलं. "मॅडमचा की माशांचा?"

"दोन्हींचा," मी म्हटलं.

हे हसले. मी काही हसण्यासाठी बोलले नव्हते.

एकदा ती डबा विसरली म्हणून मी लॅबमध्ये नेऊन दिला. दार उघडंच होतं. आत एक बुटकी, पिकल्या केसांची बाई सूक्ष्मदर्शकावर वाकली होती आणि तिच्या खांद्याला खांदा लावून माझी मुलगी. त्या बाईंनी काहीतरी दाखवलं, भव्या एकदम "अय्यो!" म्हणून हसली, आणि बाईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली. ती टपली माझी आहे. भव्याला ती मी मारते, शाळेपासून. मी डबा बाकावर ठेवला आणि परत आले. घरी आल्यावर तिनं विचारलं, "आई, तू कधी आली होतीस?" मी म्हटलं, तुला सवड असती तर दिसले असते.

त्या मॅडमचा एक नियम भव्या मोठ्या कौतुकानं सांगायची. माशा मेल्या, नळी फुटली, प्रयोग फसला, तर त्या रागावत नाहीत. पण का फसला ते खोटं सांगितलं, की दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. प्रणीत नावाच्या एका हुशार मुलाला त्यांनी असंच घरी पाठवलं. माशा ठेवायचं कपाट बंद करायला तो विसरला आणि म्हणाला, लाइट गेली होती. "श्यामला मॅडम म्हणतात, जो कारण खोटं सांगतो, त्याच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

मग तो बंद आला. शुक्रवारी सगळं कर्नाटक बंद. भव्याचा स्वतःचा पहिला प्रयोग नेमका तेव्हाच रंगात आलेला. त्यात म्हणे कोषातून बाहेर पडलेल्या माद्या, नर जवळ यायच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर सगळं वाया. मी म्हटलं, माझ्या आजीनं आमच्यावरसुद्धा एवढा पहारा ठेवला नव्हता. ती हसली नाही. मॅडमची परवानगी घेऊन ती गुरुवारीच नळ्यांचा खोका घरी घेऊन आली, कापसाची बुचं लावलेल्या नळ्या. टेबलावर अशा मांडल्या की देव्हारासुद्धा कुणी इतका जपून मांडत नाही.

"आई, या खोलीत मच्छरांचं औषध लावू नकोस हं. फवारा तर मुळीच नको."

"बरं, बाई."

शुक्रवारी दिवसभर ती त्या खोलीत. जेवायला दोनदा हाक मारली, "स्वल्प थांब, आई." माशांना गार करून झोपवायला बर्फ लागतो. आमच्या फ्रीजमधला संपला, तशी तिन्हीसांजेला ती वरच्या धनलक्ष्मी अक्कांकडे बर्फ आणायला गेली.

दर शुक्रवारी तिन्हीसांजेला आमच्या घरात धूप फिरतो. निखाऱ्यावर सांब्राणी, म्हणजे आपला ऊद, वर चिमूटभर कापूर, आणि प्रत्येक खोलीत धूर झाला की दार ओढून घ्यायचं, म्हणजे डास जातात. माझ्या सासूबाई करत होत्या, त्यांच्या सासूबाई करत होत्या. धूप म्हणजे काही औषध नव्हे, देवाचं आहे. मी भव्याच्या खोलीत गेले. नळ्या बघितल्या. दोनदा हाक मारूनही जेवायला न आलेली मुलगी आठवली. म्हटलं, घर माझं आहे, धूपही माझा आहे. एरवीपेक्षा जरा जास्तच कापूर पडला हातून, आणि मी दार घट्ट ओढून घेतलं.

भव्या बर्फाचं भांडं घेऊन आली. दार उघडलं आणि ओरडली नाही, हेच मला जास्त लागलं. खिडकी उघडली, एकेक नळी उजेडात धरली. सगळ्या माशा तळाला लापशीवर काळ्या तिळांसारख्या पडल्या होत्या. हलत नव्हत्या.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "धुरानं कधी कुणी मेलंय?"

ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं फोन उचलला. अर्थातच. रडायचं तरी माझ्याजवळ रडायचं ना? नाही. मी दारातच उभी राहिले. फोन स्पीकरवर होता. दोघी कानडीत बोलत होत्या.

"मॅडम, माझ्याकडून चूक झाली," भव्या म्हणाली. "नळ्या मी दुपारी गच्चीवर नेल्या होत्या. उन्हात राहिल्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग कळलं. आणि पश्चात्ताप वगैरे पुढची गोष्ट, आधी मला आनंद झाला. साधासुधा नाही, अगदी उकळी फुटली. त्या बाईच्या सगळ्या नियमांवर पाणी सोडून माझी पोर माझ्यासाठी खोटं बोलली होती!

"गच्चीवर कशाला नेल्यास?" मॅडमनी विचारलं. आवाज शांत.

"उजेड... उजेड हवा होता."

"किती वेळ? नळ्यांच्या आत पाण्याचे थेंब जमले होते का? कोष कसे दिसतायत?"

भव्या एकेका प्रश्नाला एकेक खोटं जोडत गेली. तिचे कान लाल झाले, बोटं फोनच्या कव्हरशी चाळा करायला लागली. खोटं तिला जमतच नाही, लहानपणापासून. मॅडमना पुढच्या दोन प्रश्नांत कळणार होतं, आणि मग प्रणीतसारखी हिचीही लॅब संपली. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. माझी मुलगी मला परत मिळाली असती. काही दिवस चांगलीच माझ्याजवळ राहिली असती, रडवेली, माझा काढा पीत.

मला ते बघवेना. मी पुढं झाले आणि तिच्या हातातला फोन घेतला.

"मॅडम, मी भव्याची अम्मा बोलतेय. ते उन्हात वगैरे काही नाही. मी खोलीत धूप घातला, त्यानं मेल्या. आणि मॅडमना खरं सांगू नकोस, असं मीच तिला दटावलं. तिचा काही दोष नाही."

त्या बाईपुढं असं लहान होऊन बोलणं माझ्या जिवावर आलं होतं. पण बोलले. शेवटचं वाक्य खोटं होतं आणि मला चांगलं जमलं.

पलीकडून मॅडमनी विचारलं, "भव्या, अम्मा म्हणतात ते खरं?"

मी भव्याकडे बघून मान हलवली. हो म्हण. एवढा एकच शब्द बोल, आणि सुटलीस. तिनं माझ्याकडे बघितलं, किती महिन्यांनी नीट बघितलं. डोळे भरलेले.

"धुराचं खरं आहे, मॅडम," ती म्हणाली. "पण आईनं मला काही सांगितलं नव्हतं. खोटं मी माझ्या मनानं बोलले."

माझ्या हातात फोन तसाच होता.

"निदान आता स्वतःहून खरं सांगितलंस. हे पुन्हा होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी ये. पुढचं सेमिस्टरभर नळ्या धुशील, लापशी करशील. प्रोजेक्टचं त्यानंतर बघू."

"सरी, मॅडम, येते." भव्या रडत होती आणि हसतही होती. एक सेमिस्टर वाया गेलं, पण तिचा चेहरा त्या लापशीच्या दिवशीसारखा फुलला होता. माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला आणि ती माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, जेवायला चल.

जन्मात एकदा माझ्यासाठी खोटं बोलली होती पोरगी. तेवढंसुद्धा त्या बाईनं माझ्याकडे राहू दिलं नाही.