हाक मारायच्या आधीच

पौष म्हणजे उजेडाचा काटकसरी महिना. नीरेच्या पात्रावर धुकं धरतं दुधावरच्या सायीसारखं, आणि त्यातून सूर्य वर येतो तो आधी केशरी, मग पिवळा, मग नुसताच उबदार. उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी, हरभऱ्याच्या घाट्यांवर पोपटी, ज्वारीच्या कणसांवर मोतिया, अशी ती मंदमंथर प्रभा उतरत उतरत गावात येते, वेशीतून वळते, देवळाच्या कळसाला शिवते, आणि कासार आळीत शिरली की मात्र तिचं भान सुटतं. कारण तिथं अंबादास कासाराचं बांगड्यांचं दुकान आहे.

काचच काच! राघूपंखी, मोरपंखी, डाळिंबी, जांभळी. कुंकवाच्या रंगाची, कोवळ्या पानाच्या रंगाची, भरल्या आभाळाच्या रंगाची. एक कवडसा आत आला की भिंतीवर रंगांची रांगोळी सांडते, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं दुकान किणकिणतं. असं ते किणकिणणारं, झगमगणारं, रंगबावरं दुकान. पण गेल्या आषाढापासून त्यात एक आवाज कमी होता.

तो आवाज मथुरामामीचा. मथुरा ही अंबादासची बायको. आळीतल्या बायका कासाराला मामा म्हणतात, म्हणून ती मामी. काय तिची जीभ, बाई! गोड म्हणावी तर तिखटही तेवढीच. बांगडी भरायची तर हात सैल लागतो. भ्यालेली बाई मूठ आवळते, आणि काच अंगठ्याच्या मुळाशी अडून तडकते. अंबादास नुसता म्हणायचा, "सैल सोडा हात, ताई." कोण सोडतंय! मग मागून मथुरा काहीतरी बोलायची, कुणाच्या सासूच्या घोरण्याचं, कुणाच्या नवऱ्याच्या मिशीचं, आणि बाई खुदकन हसायची. हसली की हात सैल, हात सैल की बांगडी आत. बांगडी तो भरायचा, हात ती सैल करायची. असा त्यांचा धंदा चालला होता, आणि संसारही तसाच.

आणि गंमत बघा, सगळ्या गावाची नावं घेणारी ही बाई नवऱ्याचं नाव मात्र कधी घेत नसे. "अहो." बस्स! चहा निवला, अहो. आभाळ आलं, अहो. कुठे उलथलात, अहो! नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, चारचौघींत, पदर सावरून. आळीतल्या प्रत्येक नव्या नवरीला नवा उखाणा जुळवून देणारी मथुरा स्वतः मात्र लग्नात म्हटलेला एकच उखाणा जन्मभर म्हणत आली. बायका म्हणायच्या, मामी, आता बदला की. ती म्हणायची, नवरा तोच, तर उखाणा का बदलू?

आषाढातल्या एका दुपारी तिच्या उजव्या हातातली कपबशी गळून पडली, आणि पाठोपाठ तीही. अर्धांगवायूचा झटका. दवाखान्यातून घरी आली तेव्हा पाय ओढत का होईना चालत होती. उजवा हात मुठीत मिटलेला होता. आणि वाचा गेली होती.

"त्यांना सगळं कळतंय, बरं का," डॉक्टरीणबाईंनी अंबादासला समजावलं. "शब्द आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बुजलीय. बोलत राहा त्यांच्याशी. चुकलं तरी त्यांनाही बोलू द्या. त्यांनी प्रयत्नच सोडला, तर मात्र अवघड आहे."

त्या महापुरातून एकच शब्द काठाला लागला होता. बया. तहान लागली, बया. ऊन आलं, बया. तोच शब्द ती वळवायची, वाकवायची, लांबवायची, आणि अंबादास अर्थ लावत बसायचा. पाणी? नाही. चहा? नाही. पाठ दुखते का? मग ती डावा हात कपाळावर मारून घ्यायची, "बया, बया, बया!" आणि दोघंही हसत सुटायची. खरं सांगायचं तर तोवर बरं चाललं होतं.

माणसं वाईट नव्हती हो. पण माणसं मेली अशीच! कुणी भेटायला येई आणि ती बहिरी असल्यागत ओरडे, "मामी! जेवलात काऽ!" कुणी तिच्यासमोरच अंबादासला विचारी, "माणसं ओळखतात का हो मामी?" सगळं ऐकत, सगळं समजत, ती मूक, म्लान, मिटलेली बसून राही. दिवाळीत एकदा बाहेरच्या ओट्यावर कुणीतरी तिच्या "बया"ची नक्कल केली आणि हशा पिकला. तो आत ऐकू आला. त्या दिवशी तिनं तोही शब्द गिळून टाकला.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड, मथुरा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. जेवण दोन घासांवर आलं. अंबादासला भीती वाटू लागली. हात गेला, पाय लंगडला, ते त्यानं सोसलं होतं. पण आता ही मनानंच उठून चाललीय, हे त्याला दिसत होतं, आणि तिला परत कसं बोलवावं ते सुचत नव्हतं. बोलावणं हे तिचं काम. त्यानं जन्मभर फक्त "आलो, आलो" एवढंच म्हटलं होतं.

तशात संक्रांत आली. "यंदा हळदीकुंकू आपल्याकडे करू या," त्यानं पडद्याकडे बघून सांगितलं. पडदा काही बोलला नाही. मग त्यानं स्वतःच तीळ भाजले, गूळ चढवला, आणि पाक असा कडक करून ठेवला की विचारू नका. शेजारच्या इंदिराआत्यांनी एक लाडू उचलून जमिनीवर आपटून पाहिला. "मामा, हे लाडू की गोफणगुंडे?" त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून दुसरा पाक करायला बसल्या.

दुपार कलली. सोनसळी, सुखोष्ण, तिळाच्या वासाची दुपार. अंबादासनं मथुराला काळी चंद्रकळा नेसायला मदत केली, निऱ्या तीनदा चुकवल्या, आणि तिला दुकानात आणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. मग बायका आल्या. काळ्या साड्या, पिवळी हळद, लाल कुंकू, पांढरा हलवा. पैंजणांची छुमछुम, काचेची किणकिण, कुजबुज, खसखस. अंबादास आपल्या जागी बसून एकेकीचा हात हातात घेत बांगड्या भरू लागला.

इंदिराआत्या सगळ्यांच्या आधी मथुरापाशी गेल्या. तिच्या डाव्या तळहातावर लाडू ठेवत सवयीनं म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड..." आणि त्यांची जीभ अडखळली. पुढचा शब्द होता "बोला". जिची वाचाच गेली, तिला बोला कसं म्हणायचं? त्यांनी तो शब्द तसाच सोडला आणि घाईनं बाजूला झाल्या.

पाठीमागच्या बायकांनी ते पाहिलं. मग प्रत्येकीनं शहाणपणा केला. "तिळगूळ घ्या, मामी." "घ्या हं, मामी." लाडू येत राहिले, "गोड बोला" कुणीच म्हणेना. वाईट मनानं नव्हे, जपायचं म्हणूनच. पण जपता जपता त्यांनी तिला बोलणाऱ्या माणसांतून वजा करून टाकलं, आणि ते तिला कळलं. लाडू घामेजल्या तळहातात चिकटून बसले. तिनं हळूहळू मान भिंतीकडे फिरवली. अंबादासनं ते पाहिलं, आणि कशाला हा घाट घातला आपण, असं त्याला झालं.

इतक्यात त्याच्यापुढे येऊन बसली रेणुका. इंदिराआत्यांची नवी सून, लग्नानंतरची पहिली संक्रांत, अंगभर हलव्याचे दागिने. चंद्रकळेवर ते पांढरे काटेरी दाणे चांदणं शिंपडल्यागत दिसत होते. हिरवा चुडा भरायचा होता. हात मात्र भीतीनं ताठ.

"सैल सोडा हात, ताई," अंबादास म्हणाला.

"आधी नाव घ्यायला सांगा तिला!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळ्याच लागल्या. नाव घे, नाव घे! नाव घेतल्याशिवाय उठू देणार नाही!

रेणुका लाजली, सावरली, सुरू झाली. "तिळाच्या लाडवाला... लाडवाला..." पुढचं काही आठवेना. "लाडवाला... लाडवाला..."

"लाडवाला लागल्या मुंग्या!" पुन्हा मागून. हास्याचा कल्लोळ उठला.

पोरीचे डोळे भरून आले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. तिनं हात असा आवळला की अंबादासच्या बोटांतली काच कट्कन तडकली. "वाढली गं बांगडी," इंदिराआत्या हळूच म्हणाल्या. सुवासिनीची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हसू थांबलं.

शब्द अर्ध्या वाटेवर हरवला की आत काय होतं, ते त्या सगळ्या जणींत एकीलाच ठाऊक होतं. तिनं भिंतीकडची मान वळवली. त्या पोरीकडे पाहिलं. तिच्या हलणाऱ्या, हरलेल्या, रिकाम्या ओठांकडे पाहिलं. आणि तिचे स्वतःचे ओठ हलले.

"हिरव्या..."

सगळ्यांना वाटलं, रस्त्यावर कुणी बोललं.

"हिरव्या चुड्याला माझ्या... लागेल कुणाची नजर?"

आवाज घोगरा होता, गंजलेला होता, अर्ध्या ओठातून येत होता. पण शब्द येत होते! एकामागून एक, एकाचा पदर धरून दुसरा, बांध फोडल्यावर पाटाला पाणी सुटावं तसे. ती आठवत नव्हती, शोधत नव्हती. तो लग्नातला उखाणाच तिला हाताला धरून पुढे नेत होता. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या पलीकडे हसू होतं.

"हाक मारायच्या आधीच..."

ती थांबली. श्वास घेतला. सगळं दुकान थांबलं, टांगलेली काचसुद्धा.

"अंबादासराव हजर!"

अगं बाई, काय तो गलका! कुणी टाळ्या पिटल्या, कुणी पदर डोळ्यांना लावला. रेणुका रडता रडता हसली, आणि हसली तसा तिचा हात सैल झाला. अंबादासच्या बोटांतली दुसरी बांगडी अलगद, लोण्यातून जावी तशी, तिच्या मनगटावर जाऊन बसली. त्याला ते कळलंही नाही. शेजाऱ्याच्या सुनेचा हात हातात धरून तो भर बायकांत ढसाढसा रडत होता.

"आलो," तो म्हणत होता. "आलो, आलो." आणि होता जागच्या जागीच.

इंदिराआत्यांनी डोळे पुसले, ताटातला एक लाडू उचलला आणि पुन्हा मथुरापाशी गेल्या. या वेळी खडा आवाज लावला. "तिळगूळ घ्या मामी, आणि गोड बोला!"

मथुरानं लाडवाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "बया!" ती म्हणाली, आणि दिवाळीपासून गिळलेला तो शब्द ऐकून सगळ्यांत मोठ्यानं ती स्वतःच हसली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही, बरं का. दुसऱ्या दिवशी पाण्याला पाणी म्हणता येईना, चहाला चहा. ज्या "अहो"साठी अंबादासचे कान आसुसले होते, तो "अहो" काही आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आरत्या, गाणी, उखाणे डोक्यात निराळ्या वाटेनं राहतात, कधीकधी तेवढी वाट शाबूत असते. तीच तुडवत राहा. मथुरा ती तुडवू लागली. आणि तिच्या लक्षात आलं की त्या वाटेच्या शेवटी नवरा उभा आहे. मात्र अधेमधे उडी मारून त्याच्यापर्यंत जाता येत नाही. नाव हवं असेल तर पार हिरव्या चुड्यापासून चालत यावं लागतं.

म्हणून आता असं झालंय. तिला तहान लागते, उशी सरकते, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं, आणि आतून आवाज सुरू होतो, "हिरव्या चुड्याला माझ्या..." आळीतल्या बायका हसतात. "मामाला किती लांबून बोलावतात हो मामी!" जिनं जन्मभर नाव घ्यायचं टाळलं, ती आता उठता बसता त्याचंच नाव घेते, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.

आणि अंबादास? "हिरव्या" ऐकताच तो उठतो. पाण्याचा तांब्या भरून घेतो. उखाणा खोटा कसा पाडेल? हाक मारायच्या आधीच तो हजर असतो, पडद्याशी, श्वास रोखून. पण आत जात नाही, लबाड! नाव ऐकायचं असतं त्याला.

दुकानातली काच किणकिणते. पौषाचं उतरतं ऊन पडद्यावर हिरवं, लाल, निळं सांडतं. त्या रंगांच्या खाली, पडद्याच्या काठाखाली, दोन अनवाणी पावलं उभी असतात. मथुरा ती पाहते. तिच्या ओठांचा चांगला कोपरा हळूच वर चढतो.

"हाक मारायच्या आधीच..." ती म्हणते, आणि मुद्दाम थांबते. पडद्यापलीकडे तोही थांबतो. मग नाव येतं, आणि पडदा हलतो.