मोटर आहे, घेऊन जा

काकांनी सांगितलेली जाहिरात चार शब्दांची होती. "मोटर आहे. घेऊन जा."

"आणि किंमत?" मी विचारलं. फोन माझा, म्हणून जाहिरात मी टाकायची असं ठरलं होतं.

"टाक चार हजार."

शिवणयंत्रावरचा काकूचा पाय थांबला. तिने शेजारच्या खिळ्यावर लटकलेली कात्री ओढली. ती एका लाल, स्प्रिंगसारख्या गुंडाळीच्या दोरीला बांधलेली होती. कात्री टेबलापर्यंत यायची, दोरा कापायची आणि सोडली की आपोआप भिंतीवर परत जायची. त्या घरात सांगितल्याबरोबर जागेवर जाणारी ती एकच वस्तू होती.

"अहो, बेचाळीस हजारांना घेतली होती."

"अगं, आठ वर्षं झाली."

"आपल्या लग्नाला तीस झाली. मला कितीला काढाल?"

काका गप्प बसले. लग्नाची तीस वर्षं त्यांनी अशा ठिकाणी गप्प बसूनच पूर्ण केली होती.

ती मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर अडकवायची, दोरी ओढून चालू करायची पेट्रोलची मोटर. काका दर रविवारी पहाटे तळ्यावर मासे धरायला जात. वल्ही मारून त्यांचा खांदा दुखायचा, म्हणून काकूने दोन शाळांचे गणवेश शिवून आलेल्या पैशांतून ती त्यांना घेऊन दिली. तरीही खांदा दुखतच राहिला. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "वल्ही मारता का?"

"छे!" काकू म्हणाली. "मोटर आहे त्यांच्याकडे."

"मग तिला खांद्यावर घेऊन पळतात का?"

डॉक्टरांनी वल्हं, बादली आणि वाद, या तिन्ही गोष्टी बंद करायला सांगितल्या. वाद खांद्याला कसा लागतो ते विचारायचं राहून गेलं. बोट विकायची ठरली आणि आधी मोटर.

आता खरी गोष्ट. ती मोटर आठ वर्षांत एकदाही चालू झालेली नव्हती. हे फक्त काकांना आणि मला माहीत होतं. पहिल्या रविवारी मी बरोबर होतो. काकांनी पाण्यावर जाऊन दोरी बत्तीस वेळा ओढली. मोटर खोकलीसुद्धा नाही. आपण ती मोडली, असं काकांनी ठरवून टाकलं. बायकोने रात्रंदिवस शिवून आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी मोडली, हे घरी सांगणं त्यांना त्या रविवारी जमलं नाही. "पुढच्या रविवारी सांगू," म्हणाले. असे साधारण चारशे सोळा पुढचे रविवार झाले. मेकॅनिककडे नेण्याची सोय नव्हती, कारण आमच्याकडे मेकॅनिक एकच आणि त्याची बायको काकूच्या शिवणक्लासला. तो क्लास रविवारी सकाळी असायचा, म्हणून काकू तळ्यावर कधी आली नाही.

काका मोटर मागे लावून जायचे आणि वळणापलीकडे वल्ही मारायचे. रात्री काकू तेल कोमट करून खांदा चोळायची. "दोरी ओढून ओढून दुखतो हो," म्हणायची. शनिवारी ती स्वतः पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळून कॅन भरून ठेवायची. हे मिश्रण माझ्या जुन्या स्कूटरला चालायचं. मी गप्प बसायचो त्याचा तो मोबदला होता, असं कुणी म्हणू नये. पण होता.

बंद मोटर चांगली म्हणून विकायची नाही, हे काकांचं तत्त्व. ती बंद आहे हे घरात कळू द्यायचं नाही, हे दुसरं तत्त्व. दोन्ही तत्त्वांच्या मध्ये भंगाराचा भाव तेवढा बसत होता. मी मोटर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो आणि त्यातून मला वजा केलं. मोटर चोवीस किलो भरली. तिच्या मानाने मीच जास्त वापरलेला दिसत होतो.

जाहिरातीवर तीन फोन आले. पहिल्याने विचारलं, "चोरीची आहे का?" दुसरा म्हणाला, "चोरीची असली तरी चालेल." तिसरा भला माणूस होता, तो म्हणाला, "चार फारच कमी वाटतात, मी सहा देतो."

"चारच," काकांनी फोन माझ्या हातातून घेऊन सांगितलं.

"बरं, साडेपाच?"

"चारच्या वर एक पैसा घेणार नाही!"

त्या माणसाने घाबरून फोन ठेवला. काकूने चष्मा काढला. "तो वर चढतोय आणि तुम्ही घासाघीस करून खाली उतरताय? थांबा, उद्या मेकॅनिकलाच बोलवते. तो सांगेल ती किंमत."

काका त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण भात घेतला नाही.

शनिवारी सकाळी मेकॅनिक पेटी घेऊन मागच्या अंगणात आला. मोटर लाकडी घोडीवर अडकवलेली होती. त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"किती चाललीय, दादा?"

"आठ वर्षं, दर रविवारी," काकू म्हणाली. "चार-चार तास."

मेकॅनिकने मनात गुणाकार केला. "सोळाशे तास. वहिनी, सोळाशे तासांत पंख्याचा रंग उडतो. हा तर दुकानातून आल्यासारखा आहे."

"मी हळू चालवतो," काका म्हणाले.

"सोळाशे तास?"

"फारच हळू."

त्याने प्लग काढला. "काजळी नाही."

"पुसतो मी."

"आतून?"

"रविवारी वेळ असतो."

मेकॅनिकने प्लग उन्हात धरला, मग काकांना न्याहाळलं. नवल कशाचं जास्त करावं हे त्याचं ठरत नव्हतं. "वहिनी, तीस वर्षं हेच करतोय. इतकी जपलेली मोटर पाहिली नाही. अडतीस हजार डोळे झाकून."

"जास्त होतात," काका म्हणाले.

"दादा, विकणारे तुम्हीच ना?"

"म्हणून तर सांगतोय."

काकू काकांकडे बघत होती. कापड कमी भरलं की ती गिऱ्हाइकाकडे तसं बघते.

"चालू करून बघू," मेकॅनिक म्हणाला, आणि काकांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"पेट्रोल नाही."

"सकाळीच भरून ठेवलंय की," म्हणत काकूने कॅन आणला. काका माझ्याकडे बघत होते. मी स्कूटरकडे.

काकू कापड भिजत घालते तो निळा पिंप पाण्याने भरला आणि मोटरचा पाय त्यात सोडला. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून अर्धा तास साफ केला. आत आठ वर्षांपूर्वीचं पेट्रोल गोंदासारखं चिकटलेलं निघालं. काका म्हणाले, उन्हाळा फार झाला यंदा. मग मेकॅनिकने पुढच्या लाल बटणाखाली बोट घातलं.

"क्लिप कुठेय?"

"कसली क्लिप?" काकांनी विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य होतं.

"अहो, या खाचेत बसते ती. दुसरं टोक मनगटाला. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते, मोटर बंद. ती नसेल तर हजार वेळा दोरी ओढा, चालू व्हायची नाही. पेटीतच येते. लाल, गुंडाळीची दोरी असते, स्प्रिंगसारखी."

मी आधी खिडकीतून आत बघितलं. मग काकांनी. काकू तिकडे न बघताच आत गेली आणि खिळ्यावरून दोरी कात्रीसकट काढून घेऊन आली.

मेकॅनिकने काही विचारलं नाही. क्लिप बसवली. कात्री खाली लोंबत राहिली. तिसऱ्या झटक्याला मोटर धडधडली, पिंपातलं पाणी उसळलं, धूर झाला, आणि काका दोन पावलं मागे उडून बादलीत बसले.

"चालू झाली! अगं, चालू झाली!"

आठ वर्षं दर रविवारी मोटर चालवणारा माणूस असा ओरडत नाही. काकूने पुढे होऊन कात्री ओढली. क्लिप निघाली, मोटर गप्प झाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," काका बादलीतून म्हणाले.

"आणि खांदा?"

"वल्ही."

"चारशे वेळा चोळलाय मी तो! तेल कोमट करून!"

"चारशे वेळा मीही त्या कात्रीखाली दिवाणावर उताणा पडून ती दोरी बघितलीय."

काकूने हातातल्या दोरीकडे बघितलं. "पेटीत सापडली," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, एवढी महागाची वस्तू घेतली म्हणून दुकानदाराने वर काहीतरी दिलंय."

"मला सांगायचंस ना."

"तुम्ही सांगितलंत?"

काका बादलीतून उठायचा प्रयत्न करत होते, खांदा साथ देत नव्हता. काकूने काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. पँटचा मागचा भाग झटकला, जरा जोरातच. मग एकदम थांबली.

"आणि पेट्रोल?"

दोघंही माझ्याकडे वळली. मेकॅनिकही वळला, त्याचा काही संबंध नसताना.

"वहिनी," तो खिशातून वही काढत म्हणाला, "मग अडतीस लिहू?"

"काही लिहू नका," काकू म्हणाली. "डॉक्टरांनी वल्हं बंद केलंय. बसायला बंदी नाही केली."

क्लास आता शनिवारी असतो. रविवारी पहाटे काकू मागे बसते, लाल दोरी मनगटाला, आणि काका पुढे गळ टाकून बसतात. आवाजाने मासे पळतात अशी त्यांची तक्रार आहे. खांदा बरा आहे. कॅन परत येतो तो रिकामा, मी हलवून बघितलाय. कात्री माझ्या डाव्या बुटाच्या नाडीला लटकते आणि नाडी ताणत नसल्यामुळे काकूला दर वेळी उठावं लागतं, तेव्हा ती माझ्याकडे बघून उठते.

जाहिरात काढायला मला सांगितलं होतं. ती पूर्ण निघेना, म्हणून मी किंमत आणि शेवटचे दोन शब्द पुसले. आता तिथे नुसतं "मोटर आहे" एवढंच उरलंय. रोज एक-दोन जण फोन करून विचारतात, "मग?"

मी सांगतो, "काही नाही. चालते."