चौदा दिवसांचा पंधरवडा

पक्षाघाताने इंदूबाईंची वाचा गेली, त्याला दोन वर्षे झाली. पोशीर गावातल्या घरात त्या आता जुन्या संगणकाच्या तोंडून बोलत. कळ दाबली की तो कुण्या शहरी बाईच्या आवाजात ‘नाही’ म्हणे आणि इंदूबाई तोंड फिरवीत. ‘नाही’ हा शब्द त्या जन्मात बोलल्या नव्हत्या; त्यांच्या तोंडी कायम ‘न्हाई’ असे.

मग त्यांच्या मुलाने, मनोजने, जुन्या फोनमधले आईचे बोलणे हुडकले आणि संगणकातला बोलका प्रोग्राम ज्या मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही सुधारता येणाऱ्या, प्रकल्पाचा होता, त्यालाच देऊन टाकले. नव्या आवृत्तीत त्यातून इंदूबाईंच्या आवाजात हवे ते वाक्य जुळवता येणार होते. त्याच सुमारास प्रकल्पाचे प्रमुख, कर्जतचे निवृत्त प्राध्यापक गोपाळकृष्ण, यांची सूचना झळकली: प्रोग्राम उभा करायला, म्हणजे लिहिलेल्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवायला, यापुढे नवाच कंपायलर लागेल, जुने चालणार नाहीत, हरकती आणि दुरुस्त्या पंधरवड्यात याव्यात.

मनोजच्या संगणकाला नवा कंपायलर झेपणारा नव्हता. कामावरून आल्यावर तो रोज प्रोग्राम चाळत बसला. अडत होत्या त्या अवघ्या अकरा ओळी. जुन्या कंपायलरला मानवतील अशा त्या लिहून त्याने पंधराव्या दिवशी सकाळी धाडल्या आणि उत्तर येईना, तेव्हा कर्जत गाठले.

“ओळी उत्तम आहेत,” सर म्हणाले. “पण मुदत काल संपली.”

“सर, पंधरवडा म्हंजी पंधरा दिस ना? आज पंधरावाच हाय.”

“पंधरवडा म्हणजे पक्ष, मनोज. सूचना प्रतिपदेची. या पक्षात एका तिथीचा क्षय होता; चौदाव्या दिवशीच अमावास्या झाली.”

“अहो, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?” आतून सरांच्या पत्नी, शैलाबाई.

“तू चहा बघ. आज दिवस सोडला, तर उद्या अक्षर सोडावं लागेल.”

कंपायलर यंदाचा हवा, दिवस मात्र तिथीने मोजायचे. ही विद्वत्ता मनोजने चहाबरोबर गिळली.

“नवा संगणक घेऊन टाका की,” दारात सर म्हणाले. “आईपेक्षा का तो मोलाचा?”

दुसऱ्या दिवशी आवृत्ती निघाली. आभाराच्या यादीत पहिले नाव इंदूबाईंचे होते. मनोजच्या संगणकावर ती उभी राहिली नाही. संध्याकाळी सरांनी फोनवर ध्वनिफीत पाठवली, खाली ओळ: ‘आमच्याकडे सुरेख चालते.’

मनोजने ती लावली.

“पंधरवडा म्हंजी पक्ष रं, मनोज,” आईचा आवाज म्हणाला.

खाटेवर इंदूबाईंनी मान उचलली. दोन वर्षांनी त्यांचा चेहरा उजळला होता. चाचपडत त्यांनी कळ दाबली.

“पुन्हा,” शहरी बाई म्हणाली.

मनोजने पुन्हा लावली.