आधी आपल्यातल्यांचा

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं होती. एकात घड्याळं दुरुस्त करणारे काका, काकू आणि त्यांची मुलगी. दुसऱ्यात एक विधवा नर्स आणि तिची मुलगी. नर्सच्या ड्यूटीचा काही भरवसा नसायचा, म्हणून तिची लेक समोरच्या घरातच वाढली. खालचा इस्त्रीवाला दोघींना थोरली आणि धाकटी म्हणायचा. तीच नावं चिकटली. थोरलीचे फ्रॉक धाकटीला यायचे, गोवरसुद्धा तिच्याकडूनच आला.

काकूंकडे जेवणाआधी सगळे क्षणभर डोळे मिटायचे. धाकटीची आई झोपताना मिटायची, आणि ती पुटपुटायची ते शब्दही वेगळे होते. धाकटी दोन्हीकडे मिटायची. तिला वाटायचं, सवय असते घराघराची. कुणाला उशी लागते, कुणाला नाही. शाळेत कुणी काही बोललं असेल, तर ते तिच्या डोक्यावरून गेलं.

थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा धाकटी वीस वर्षांची होती. महिनाभर तिच्या पायाला भिंगरी होती. पत्रिकांवर पत्ते लिहिले, शिंप्याकडे खेटे घातले, कानातल्यांवरून थोरलीशी दोनदा कडाकडा भांडलीही.

लग्नाच्या हॉलमध्ये फोटोग्राफरने हाक दिली, "घरची माणसं या." धाकटी थोरलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

नवऱ्या मुलाची आत्या जवळ आली. आवाज मऊच होता. "बाळ, तू जरा बाजूला हो. आधी आपल्यातल्यांचा होऊ दे."

धाकटीला वाटलं, उंचीचं काहीतरी असेल. "मी मागे उभी राहू का?"

"तसं नाही गं. तुम्ही वेगळे ना."

तिने काकांकडे पाहिलं. काका मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत होते. थोरलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "इकडे बघा." थोरलीने कॅमेऱ्याकडे बघितलं.

धाकटी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली. नंतर कुणीतरी तिला बोलवायला आलं, पण तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर तिने आईला विचारलं, "आपण वेगळे आहोत?"

आई पलंगावर बसून सुजलेले पाय चोळत होती. तिचे हात थांबले. "कोण म्हणालं?"

"म्हणजे आहोत."

"मला वाटलं, आतापर्यंत तुला कळलं असेल." आईने पाय पलंगावर घेतले. "इथे आले तेव्हा जिन्यात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. तू दीड वर्षाची. काकूच तुला उचलून घेऊन गेली. पुढे आम्ही दोघींनी ठरवलं, पोरींना आपणहून काही सांगायचं नाही."

"मग आज मला कुणातरी परक्या बाईने सांगितलं."

"चुकलंच आमचं," आई म्हणाली. "पण तेव्हा बरोबर वाटलं होतं."

धाकटीला आईचा राग आला नाही. कुणाचाच नीट आला नाही. एवढी वर्षं सगळ्या जिन्याला ठाऊक होतं, इस्त्रीवाल्यालाही, आणि एकट्या आपल्यालाच नव्हतं, हेच तिच्या मनात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर काका उभे होते. या घराचं दार ते कधी वाजवत नसत. आवाज देत सरळ आत यायचे.

"काकूने जेवायला बोलावलंय," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत राहिले. "काल मी बोलायला हवं होतं."

"असू दे काका."

"नाही, असू दे कसं?" ते म्हणाले. चष्मा पुन्हा चढवून ते आपल्या दाराकडे वळले.

ती जेवायला गेली. थोरलीची जागा रिकामी होती. काकूंचे डोळे सुजले होते. पोरगी सासरी गेली म्हणून की आणखी कशाने, ते धाकटीने विचारलं नाही. त्या तिला पुन्हा पुन्हा वाढत होत्या. "घे ना. लाजू नकोस."

या घरात तिला कधी कुणी आग्रह केला नव्हता. लहानपणी ती सरळ भांड्यात हात घालायची आणि काकूंचा रट्टा खायची.

"पुरे, काकू," ती म्हणाली. "पोट भरलं."