दोन तुकड्या आणि एक जादूचा कंदील

अरे ऐका ना! धुळ्याची गोष्ट, दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची. तिथं इंजिनचं काम शिकवणारी एक शाळा, आणि तिथले तोताराम मास्तर. उजवा खांदा पार कामातून गेलेला! का? तर वाफेचं इंजिन फळ्यावर काढायचं, समजवायचं, पुसायचं, आणि दुसऱ्या तुकडीला परत पहिल्यापासून काढायचं. वर्षानुवर्षं हेच!

मग शाळेत आला जादूचा कंदील. काच सरकवली की भिंतीवर अख्खं इंजिन! मास्तरांनी खुर्चीत बसून नुसती काठी दाखवायची. हा दट्ट्या, ही झडप. त्या आठवड्यात मास्तर म्हणे कित्येक दिवसांनी उजव्या हातानं नीट जेवले.

पण तपासणीचे साहेब म्हणाले, "आधी मोजू. एका तुकडीला कंदील, दुसरीला फळा. कंदीलवाले पुढं गेले तर कंदील ठेवा, नाहीतर परत."

परीक्षा झाली आणि दोन्ही तुकड्या सारख्याच! साहेब चिडले. "महिन्यानं पुन्हा घेऊ. शेवटची."

मास्तर संध्याकाळी पाय ओढत पोरांच्या बोर्डिंगात गेले. बघतात तर काय, कंदीलवाला छगन कोळशानं फरशीवर इंजिन काढतोय, आणि फळ्यावाला पितांबर कळण्याची भाकरी चावत, वाफेची बाहेर पडायची वाट शोधत विचारतोय, "वाफ आठेन शिरनी, मंग निघनी कथाईन?"

मास्तर दमून म्हणाले, "छगन, महिनाभर यांना काही सांगू नको रे. कंदील जाईल माझा."

"एक ताटमा जेवतस आमी, मास्तर! भाकर अर्धी-अर्धी वाटी खावानी, नि हाई लपाडानं?" छगन म्हणाला.

तेवढ्यात पितांबर त्याच्यावर खेकसला, "त्यास्ना खांदा दुखस, दिखस नई का तुले? नको सांगू आमले. फेल व्हसूत आमी!"

पोरगं खरंच नापास व्हायला तयार होतं, हो! मास्तरांनी उसासा टाकला, गुडघे धरत खाली बसले आणि म्हणाले, "दे तो कोळसा. झडप चुकलीय."

पुढच्या परीक्षेतही गुण सारखेच. कंदील पेटीत बंद होऊन गाडीनं गेला. मग मास्तरांनी काय केलं? दोन्ही तुकड्या एकाच वर्गात कोंबल्या! पोरं खिडकीत बसली, दारात बसली. इंजिन आता एकदाच काढायचं.

तरी खांदा दुखायचाच.