गाडीचा पत्ता

माणसानं घरी यावं तर नीट घरी यावं. वाल्मीक आला तो आईकडे नाही, बायकोकडे नाही, कागदांकडे आला, असं नवसाबाईचं म्हणणं होतं. चार वर्षं जपानच्या कारखान्यात काढून तो दिवाळीच्या तोंडावर नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात उतरला. त्या दिवसापासून आईजवळ मांडी घालून त्यानं एक भाकर खाल्ली असेल तर शपथ. सकाळी उठायचं, पिशवीत कागद कोंबायचे आणि मोटरसायकलला किक मारायची. आज मुंबईचं बंदर, उद्या नाशिकचं कोर्ट, परवा पेठ रोडची आरटीओ कचेरी. दहा वर्षांची दिशा वही घेऊन दारात उभी असायची आणि बाप "हां हां, मग बघू" म्हणत तिच्या अंगावरून निघून जायचा.

"शुभांगे, तुझा नवरा आलाय का पोस्टमन गं?" नवसाबाई सुनेला विचारायची.

शुभांगी खाली मान घालून शेवंतीच्या पाट्या भरत राही. नवरा येणार म्हणून तिनं कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून त्यात वर्तमानपत्र अंथरलं होतं. कप्पा तसाच होता. वाल्मीकची बॅग खाटेखाली होती. शर्ट बॅगेतून काढायचा, धुऊन वाळला की परत बॅगेत ठेवायचा. नवसाबाईनं ते पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. पाहिलं आणि मनात येऊ दिलं नाही.

गाडी मागाहून बोटीनं आली. पांढरी, दोन दरवाजांची, इतकी बुटकी की शेजारच्या भागुबाईनं वाकून आत बघताना डोकं आपटून घेतलं.

"सिल्व्हिया म्हणं नाव हिचं," भागुबाई कपाळ चोळत म्हणाली. "मला वाटलं, वाल्मीकनं मडम आणली."

"मडम आणली असती तर निंदायला तरी लावली असती," नवसाबाई म्हणाली. "ही नुसती जागा अडवती."

असली गाडी इथं दुकानात मिळत नव्हती. ती कशी आणतात हे वाल्मीकनं हात धुता धुता एकदाच सांगितलं. चार पैसे आले म्हणून कुणीही उठून आणू शकत नाही. जो दोन वर्षांहून जास्त परदेशात राहिला, ज्यानं तिथं वर्षभर ती गाडी स्वतःच्या नावावर वापरली आणि जो आता कायमचा परत येतोय, त्यालाच परवानगी. सरकारचा कर शेवटच्या रुपयापर्यंत भरायचा, जपानी कागदांचं भाषांतर करून शिक्के घ्यायचे आणि दोन वर्षं गाडी विकायची नाही. "सगळं कायद्यानं चाललंय, आई. चोरवाट नाही."

नवसाबाईला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

"कायमचा?"

"तसं लिहून द्यावं लागतं."

"मग तू दिलंस?"

"दिलं की."

तो शब्द तिनं पदराला बांधला. दुसऱ्या दिवसापासून फूलबाजारात ती शेवंतीच्या आधी तेच विकू लागली. "माझ्या पोरानं सरकारला लिहून दिलंय. कायमचा आलोय म्हणून. सही हाय त्याची." दुसरीत शाळा सुटलेल्या नवसाबाईच्या लेखी तोंडाचं बोलणं वाऱ्यावर जाई, पण सही केलेला कागद हलत नसे. नवरा गेल्यावर भाऊबंदांनी मळा खायचा घाट घातला होता, तेव्हाही तिला कागदानंच तारलं होतं.

एके दिवशी वाल्मीक स्वतःहून म्हणाला, "आई, उद्या माझ्याबरोबर कोर्टात चल."

तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. गाडी नाशकात नोंदवायची तर नाशकातला पत्ता लागतो, आणि रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख नवसाबाई. कोर्टाबाहेरच्या टंकलेखकानं कागद वाचून दाखवला. माझा मुलगा कायमचा परत आला असून माझ्या घरी राहतो व त्याची गाडी माझ्या घरी राहील. नवसाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं. मग एकेक अक्षर उभं करत सही केली. मागची माणसं चुळबुळ करायला लागली.

"थांबा की," ती मान न वळवता म्हणाली. "नाव माझं हाय, मला घाई नाय."

तिथनं दोघं गाडी घेऊन आरटीओत गेले. साहेबांनी गाडी पुढून-मागून पाहिली, कागद चाळले आणि नंबराची छाप मागितली. गाडीच्या अंगावर कारखान्यात ठोकलेला नंबर असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, म्हणजे नंबर कागदावर उठतो. तो आणि जपानचा कागद जुळला तरच पुढचं काम. या गाडीचा नंबर इंजिनाच्या पार मागं, पत्र्यावर, दोन नळ्यांच्या आड. वाल्मीकनं लावलेल्या एजंटाचा गुबगुबीत हात आत जाईना. वाल्मीकचा गेला, पण घामानं कागद दोनदा फाटला.

"सरक तिकडं," नवसाबाई म्हणाली.

चाळीस वर्षं तिची बोटं गजरे ओवत आली होती. तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या, हात आत घातला, कागद पत्र्यावर बसवला आणि न बघता हलक्या हातानं पेन्सिल फिरवली. कागद बाहेर आला तेव्हा करड्या रंगात सगळे आकडे पांढरे उमटले होते.

"आजी, आमच्या माणसांना शिकवा जरा," साहेब हसले.

वाल्मीकही हसला. घरी येऊन तिनं ते दिशाला सांगितलं, भागुबाईला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. पोराला घरात बांधणारी शेवटची गाठ आपल्या हातानं बसली, असं तिला वाटत होतं.

एमएच पंधराची पाटी लागली. नवसाबाईनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि किल्ली देवाजवळ ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी गंगापूर रोडचे नाथाशेठ पेढे घेऊन आले. द्राक्षांचे मोठे व्यापारी. बरोबर त्यांचा पोरगा अमोल. वाल्मीक घरी नव्हता. अमोलनं गाडीभोवती फेरी मारली, काचेतून आत पाहिलं आणि म्हणाला, "पप्पा, सीट मागं घ्यावी लागंल."

"कुणासाठी?" नवसाबाईनं विचारलं.

नाथाशेठनी पेढ्याचा पुडा पुढं केला. "घ्या मावशी. तुमच्या वाल्मीकमुळं पोराची हौस झाली. आता दोन वर्षं त्याचं नाव, मग आमचं. तो चौदा तारखेला चालला, म्हटलं त्याआधी गाडी घेऊन जावी."

"कुठं चालला?"

शेठ गडबडले. "म्हंजे... जपानला. तुम्हाला ठाऊक नाय?"

"किल्ली वाल्मीककडं हाय," नवसाबाई म्हणाली. किल्ली तिनं सकाळीच देवाजवळून उचलून कमरेला खोचली होती. पेढे तिनं हातात घेतले नाहीत.

ते गेल्यावर ती पाट्यांशेजारी बसून राहिली. गाडी वर्षभर तिकडं स्वतःच्या नावावर वापरावी लागते. म्हणजे हे वर्षापूर्वीच ठरलं होतं. गेल्या वर्षी फोनवर दिशा विचारत होती, "पप्पा, कधी येणार?" आणि हा म्हणत होता, "येतो गं, कायमचाच येतो." तेव्हाही ठरलेलंच होतं.

दिवस कलताना वाल्मीक आला. आईच्या मांडीवर रेशनकार्ड पाहून त्यानं मोटरसायकल स्टँडला लावली आणि तिथंच उभा राहिला.

"नाथाशेठ आले होते," ती म्हणाली.

"आई, पैसा त्यांचा आहे. माझं नुसतं नाव."

"नुसतं?"

"इथं काय करू मी? अंबडच्या कारखान्यात परत हेल्परचं काम? तिकडं माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. कंपनी बोलावतेय. शेठनी तिकीट दिलं, तिथल्या खोलीचं बघितलं. सगळ्यांचंच भलं..."

"तू सरकारशी खोटं बोललास, ते तुझं तू निस्तर. मला कोर्टात कशाला नेलंस?"

वाल्मीक मग हळूच म्हणाला, "रेशनकार्ड तुझ्या नावावर आहे ना."

नवसाबाईला वाटलं होतं, लेकाला आई बरोबर हवी होती.

दारातून शुभांगी सगळं ऐकत होती. ती आत गेली, खाटेखालची बॅग ओढली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली. तिच्यामागं दिशा वही छातीशी धरून उभी होती.

नवसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ऐक वाल्मीक. मी सही केलीय, ती खोटी पडू देणार नाय. गाडी माझ्या घरी राहील असं लिहिलंय, तर ती इथंच राहील, या पाट्यांशेजारी, दोन वर्षं. नाथाशेठच्या पोराला बसायची हौस असंल तर इथं येऊन बसू दे. किल्ली माझ्याकडं. तूही इथंच राहतोस असं लिहिलंय. राहिलास तर बॅग आत घे आणि कपडे कपाटात ठेव. चौदाला गेलास, तर पंधराला मी रेशनच्या हाफिसात जाऊन तुझं नाव कमी करून आणीन. शुभांगीचं राहील, दिशाचं राहील. पुढं कधी आलास तर चहा मिळंल. पत्ता मिळायचा नाय."